बेळगाव भागात काडी लावण्याआधी : फटाके, ओल्ड मॅन, होळी आणि उसाचा पाला

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कन्नड परिपत्रकाचा एक तिरका, अर्धवट कापलेला फोटो येतो आणि त्याखाली वाद जुंपतो. "यंदा बंदी आहे म्हणे." "कसली बंदी? रात्री वाजवायला चालतंय." गेल्या खेपेला एकानं त्यातलं 'पटाकी निषेध' एवढंच वाचलं आणि भाबडेपणानं विचारलं, "फटाक्यांचा निषेध कोण करतंय?" सगळे हसले. पण गोम तिथंच आहे. कन्नडमध्ये निषेध म्हणजे बंदी.

म्हणून सुरुवात शब्दांपासून करू, कारण सीमाभागात निम्मा घोटाळा तिथंच होतो. परिपत्रक म्हणजे 'सुत्तोले', जाहीर सूचना म्हणजे 'प्रकटणे', 'हसिरु पटाकी' म्हणजे ग्रीन, कमी धुराचे फटाके, 'बेंकी' म्हणजे आग आणि 'कस' म्हणजे कचरा. सगळ्यात फसवा शब्द 'परवानगी'. आपण साधी मुभा या अर्थानं तो वापरतो, कन्नडमध्ये तो परवाना, लायसन्स या अर्थानं येतो. साध्या मुभेला तिकडे 'अनुमती' म्हणतात. खिडकीवरच्या कारकुनानं "परवानगी इदिया?" असं विचारलं, तर तो तुमच्याकडे छापील लायसन्स आहे का ते विचारतोय. "होय, साहेबांनी तोंडी दिलीय" हे त्याचं उत्तर नव्हे. मराठीत परिपत्रक मागायचं ते मागावंच, पण ते येईपर्यंत दिवाळी थांबत नाही.

आधी तीन प्रश्न

आग कुठलीही असो, फटाका, होळी, शेकोटी किंवा बांधावरचा पाला, काडी ओढण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. जागा कुणाच्या हद्दीत आहे? जळणार काय आहे? आणि किती वाजता? सगळे नियम या तिन्हींत कुठंतरी बसतात. एकाच कागदावर ते तुम्हाला कुणी देणार नाही.

हद्दीचं म्हणाल तर बेळगाव शहरात महापालिका, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, निपाणीत नगरपालिका, खेड्यात ग्रामपंचायत आणि तिचा पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. पोलिसांचंही तसंच. शहरात आयुक्तालय, बाहेर जिल्हा पोलीसप्रमुख. खानापूरच्या पश्चिमेला गेलात की जंगल खातं, आणि त्यांच्याशी घासाघीस चालत नाही. अर्ज चुकीच्या ठिकाणी दिला तर तो परत येत नाही, नुसता पडून राहतो. हे मी अनुभवानं सांगतोय. आमच्या मंडळाचा एक अर्ज असाच एका कार्यालयात कार्यक्रम होऊन गेल्यावरही पडून होता.

दुसरा नेहमीचा प्रश्न : "महाराष्ट्रातल्या शिनोळीत घेतलेला फटाका इकडे तुरमुरीत वाजवला तर?" फटाका घेतला कुठं याला महत्त्व नाही, वाजवला कुठं याला आहे. आणि मुख्य बंधनं सर्वोच्च न्यायालयाची असल्यानं पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातही तीच लागू आहेत. नाका ओलांडल्यानं सुतळी बॉम्ब ग्रीन होत नाही.

दिवाळी

२३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी चौकट घालून दिली. फक्त ग्रीन फटाके, दिवाळीत रात्री आठ ते दहा, नाताळ आणि ३१ डिसेंबरला ११.५५ ते १२.३०. फटाक्यांच्या माळा बंद, बेरियमचे क्षार बंद, ऑनलाइन विक्री बंद. २९ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयानं हे पुन्हा बजावलं आणि अंमलबजावणीत कसूर झाली तर वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच जबाबदार धरू असं सांगितलं. तेव्हापासून पोलीस जरा जास्त फिरतात, ते त्यामुळंच.

आता आपली अडचण. मराठी घरातली दिवाळी रात्री आठला नाही, पहाटे चारला सुरू होते. नरक चतुर्दशीला अंगाला तेल-उटणं लावून, अंघोळ करून, गल्लीत पहिला बार कुणाचा यावर पोरांच्या पैजा. नियमात ही वेळ बसत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायला ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. न्यायालयानं दक्षिणेकडच्या राज्यांच्या चालीरीती पाहून वेळेत थोडी सूट दिली होती, म्हणून तमिळनाडूनं दोन तासांचे दोन तुकडे केले आणि एक सकाळी सहा ते सात ठेवला. कर्नाटकात आठ ते दहाच राहिलं. मला विचाराल तर आपल्या लोकप्रतिनिधींनी तमिळनाडूसारखी वेळ मागायला काही हरकत नव्हती. ते होईपर्यंत पहाटे पणत्या लावा, कारीट फोडा. कारीट फोडायला कुणाची अनुमती लागत नाही.

खरेदी करताना काय पाहायचं? ग्रीन फटाक्याचं सूत्र नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनं तयार केलंय. त्यात धूर आणि बारीक कण साधारण ३० टक्क्यांनी कमी, म्हणजे शून्य नव्हे. खोक्यावर हिरवा लोगो आणि क्यूआर कोड असतो. नुसता कोड आहे म्हणून समाधान मानू नका, दुकानातच मोबाईलवर स्कॅन करून बघा. उत्पादकाचं नाव आणि फटाक्याचा प्रकार खोक्याशी जुळला पाहिजे. छापायला काय, कुणीही चौकोन छापतं. कोड स्कॅन करायला लागलात की दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पण बघा, बरंच कळतं. हजाराची माळ 'ग्रीन आहे' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर लगेच मागं फिरा, माळाच बंद आहेत. आवाजाची कमाल मर्यादा चार मीटरवर १२५ डेसिबल आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण दवाखाना, शाळा आणि कोर्टाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्रात आवाजाचा फटाका दिवसाही चालत नाही, हे पावलांनी मोजता येतं.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पोरांना एक सांगून ठेवा. तिकडे स्वस्त मिळाले म्हणून रेल्वेतून फटाके आणायचे नाहीत. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसटीत आणि आपल्या परिवहनच्या बसमध्येही तीच मनाई. पिशवीत तळाशी चिवडा, वर फटाके आणि शेजारच्या माणसाच्या खिशात विडी, असा प्रवास मी पाहिलाय.

पाडव्याला गवळी लोक शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून म्हशी फिरवतात. त्या वाटेवर त्या वेळी फटाका वाजवू नका. उधळलेली म्हैस गर्दीत शिरली तर काय होतं ते एकदा पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

फटाक्यांचा स्टॉल लावायचा असेल तर

दरवर्षी दोन-चार पोरं एकत्र येऊन पंधरा दिवसांचा धंदा करायचं ठरवतात. त्यांनी निदान दीड महिना आधी हालचाल करावी. २००८ च्या स्फोटक नियमांत तात्पुरत्या दुकानाला नमुना एई-५ मध्ये अर्ज करावा लागतो आणि एलई-५ हा परवाना मिळतो. तो जिल्हा प्रशासनाकडून येतो. सोबत जागेचा नकाशा आणि जागामालकाचं संमतिपत्र जोडा, पोलीस आणि अग्निशमन दलाची ना-हरकत लवकर मागून ठेवा. कागद जमले तरी जागेवर अडकतात ते मापांत, म्हणून मापं पाठ करा :

१. शेड न पेटणाऱ्या साहित्याचं, म्हणजे पत्र्याचं. ताडपत्री, कापड, बांबूच्या तट्ट्या चालत नाहीत.
२. दोन शेडमध्ये कमीत कमी ३ मीटर, आणि घरं, शाळा वगैरेंपासून ५० मीटर अंतर.
३. दुकानांची तोंडं समोरासमोर नकोत. एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत.
४. आत दिवा, गॅसबत्ती, मेणबत्ती काही नाही. वीजदिवा भिंतीला किंवा छताला पक्का बसवलेला. वायरीला लोंबकळणारा बल्ब चालत नाही. प्रत्येक रांगेला एक मुख्य स्विच.
५. शेडपासून ५० मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवायचा नाही.

शेवटचा मुद्दा रोज मोडला जातो. गिऱ्हाईक म्हणतं, "एक लावून दाखव की." नाही म्हणायचं. ७ ऑक्टोबर २०२३ ला बेंगळूरुजवळ अत्तिबेलेत फटाक्यांच्या दुकान-गोदामाला आग लागून डझनाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, आणि मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी लग्न, राजकीय कार्यक्रम आणि मिरवणुकांतल्या फटाक्यांवर बंदी जाहीर केली. लग्नाच्या वरातीत बार उडवायचा बेत असेल तर आधी हे आठवा आणि ठाण्यात विचारून घ्या. नवरदेव घोड्यावर आणि नवरदेवाचा मामा ठाण्यात, असं व्हायला नको.

३१ डिसेंबरचा ओल्ड मॅन

ही आपली खास बेळगावी गोष्ट. बाहेरच्यांना समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात. सरत्या वर्षाचा म्हातारा करायचा, जुनी पॅन्ट-शर्ट, डोक्याला टोपी, आत पिंजर म्हणजे भाताचं वाळकं गवत, आणि बाराच्या ठोक्याला पेटवायचा. कॅम्पात आधीपासून तयार ओल्ड मॅन विकायलाही बसतात. पोरं आठवडाभर राबतात आणि म्हातारा पाच मिनिटांत जातो.

नियमाच्या नजरेनं यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पुतळा आणि त्याच्या पोटातले फटाके. फटाक्यांना ११.५५ ते १२.३० हीच वेळ, आणि फक्त ग्रीन. पुतळ्यात कचरा भरला तर कचरा जाळण्याचे नियम लागतात, म्हणून आत टायर, थर्माकोल, फोम, प्लास्टिकच्या बाटल्या भरायच्या नाहीत. पिंजर आणि सुती कपडे भरपूर झाले. कृती अशी :

जागा दिवसाउजेडी ठरवा आणि मान वर करून बघा. वर हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची तार, केबल किंवा झाडाची फांदी असेल तर जागा बदला. टीसीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आसपास तर नकोच. पुतळा माणसाच्या उंचीपेक्षा मोठा करायचा हट्ट नको. तो पडतो तेव्हा त्याच्या उंचीएवढ्या अंतरावर पडतो, म्हणून माणसं किमान दुप्पट अंतरावर उभी करा. डांबरी रस्त्यावर थेट पेटवू नका, खाली चार इंच माती किंवा वाळू पसरा. डांबर उखडलं की जानेवारीत तुमच्याच गाड्या त्या खड्ड्यातून जाणार. पेटवायला पेट्रोल कधीच नाही. पेट्रोलची वाफ आधी पसरते आणि काडी ओढणाऱ्याचाच हात पेटतो. लांब काठीला चिंधी बांधून थोडं रॉकेल पुरे. पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूची एक पाटी आधी, म्हातारा नंतर.

पोलिसांना गल्लीच्या पंचांच्या सहीनं एक साधं पत्र द्या. ठिकाण, वेळ, जबाबदार दोघांची नावं आणि फोन. पोच घ्या. त्या रात्री जमावबंदी किंवा वेगळा आदेश असेल तर तो मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं, आणि निष्काळजीपणे आग हाताळली तर कलम २८७. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. फटाक्यांसारख्या स्फोटकाच्या निष्काळजीपणाला कलम २८८, तिथं दंड पाच हजारांपर्यंत.

कचरा आणि पालापाचोळा

इथं फार बोलायला नको, नियम स्वच्छ आहे. उघड्यावर कचरा जाळायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला ५,००० तर मोठ्या ढिगाला २५,००० रुपये भरपाई ठरवली. सकाळी अंगण झाडून आंब्याची पानं दारात जाळणाऱ्या आज्जीला हे पटत नाही. त्यांना पानं पोत्यात भरून परड्यात कुजवायला सांगा. प्लास्टिक मात्र घंटागाडीतच.

उसाचा पाला

खरा जीव जातो तो इथं. फेब्रुवारीत फड तुटून जातो, शेतात गुडघाभर पाला राहतो, खोडवा (त्याच बुडख्यांना फुटणारं पुढचं पीक) ठेवायचा असतो आणि मजूर मिळत नाही. मग काडी.

मी स्वतः ही चूक केलीय, म्हणून सांगतो. सकाळी न्याहारी करून साडेदहाला पाला पेटवला. वारा नव्हता. पाऊण तासानं वारा फिरला, बांधावरचं वाळकं गवत पेटलं आणि आग सरळ भावकीतल्या काकांच्या पिंजराच्या गंजीकडे गेली. आम्ही तिघं निर्गुडीच्या फांद्यांनी बडवत होतो, मोटारीला करंट नव्हता. गंजी वाचली नाही. काकांनी तक्रार केली नाही, पंचांसमोर दोन ट्रॉली पिंजर देऊन मिटलं. त्यांनी केली असती तर मी निष्काळजीपणाच्या कलमात सरळ बसत होतो. शेतमालाला मुद्दाम लावलेल्या अशा आगीला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२६ आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

तेव्हापासून मी पाला जाळत नाही. सरीआड सरीत पाला दाबतो. एका हेक्टरला ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. उन्हाळ्यात त्या शेताची पाण्याची पाळी लांबते, तण कमी येतं. पहिल्या वर्षी शेजारी हसतात, दुसऱ्या वर्षी बांधावर येऊन बघून जातात. पाला बारीक करणारं कुट्टी मशीन भाड्यानं मिळत असेल तर काम आणखी सोपं.

तरीही जाळायचंच असं ठरवलेल्याला निदान एवढं सांगीन. आदल्या दिवशी शेजाऱ्यांना तोंडी आणि ग्रामपंचायतीला कळवा. शेताच्या चारी बाजूंनी सहा-आठ फुटांचा पट्टा खरडून मोकळा करा. वेळ दुपारची नको, दव असताना, वारा पडलेला असताना पेटवा, आणि वारा ज्या टोकाकडे वाहतोय त्या टोकाकडून सुरुवात करा म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. फवारणीचा पंप पाणी भरून पाठीवर हवा, घरात नाही. मोटारीला करंट आहे का ते काडीआधी बघा. आणि शेवटचा धूर विझेपर्यंत जेवायला जायचं नाही.

खानापूरकडे : जंगल, काजू, राब

लोंढा, जांबोटी, कणकुंबीकडे सगळंच बदलतं. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावणं तर सोडाच, त्याला धोका होईल अशी चूल पेटवणं किंवा पेटती आग मागं सोडणंसुद्धा गुन्हा आहे. राखीव जंगलात कर्नाटक वन कायदा १९६३ लागतो. सहलीला जाणाऱ्यांनी जंगलात चूल मांडून कोंबडी शिजवायचा बेत सोडावा. मधाच्या पोळ्याला धूर दिला की काम झाल्यावर पलिता तिथंच टाकायची सवय असते. अशानंच डोंगर पेटतात.

काजूवाल्यांनी जानेवारी संपायच्या आत बागेतलं गवत कापून, बागेभोवती जाळरेषा, म्हणजे गवत नसलेला मोकळा पट्टा, काढून घ्यावी. मोहोराच्या दिवसांत डोंगरावरची आग खाली उतरली तर एका दुपारीत दहा वर्षांची झाडं जातात. भातासाठी राब भाजणाऱ्यांनी (रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजतात ती) जंगलाच्या हद्दीपासून लांबचा तुकडा निवडावा आणि गार्डला आधी कळवावं. तो ओळखीचा असतो, आधी सांगितलं तर मदतीलाही येतो. जंगलात आग दिसली तर वन खात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

होळी

लाकडं आणि शेणी चोरायची मजा आहे, पण झाड तोडायचं नाही. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या परड्यातलं झाड तोडायलाही बहुतेकदा अनुमती लागते. बाकी सगळं ओल्ड मॅनसारखंच : तारा, माती, पाणी, टायर नको. दुसऱ्या दिवशी राख विझली का ते हात जवळ नेऊन बघा. वरून राखाडी दिसणाऱ्या शेणीत आत निखारा दोन दिवस राहतो आणि रंग खेळणारी पोरं अनवाणी असतात.

भाजलं किंवा पेटलं तर

भाजलेल्या जागेवर वाहतं साधं पाणी, पुरी वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. डोळ्यात ठिणगी गेली तर चोळू नका, वरून कागदी कप धरून डॉक्टरकडे. रुग्णवाहिकेला १०८, आगीला १०१ किंवा ११२.

ऊस पेटला आणि कारण तुमची काडी नसून हेस्कॉमची तार असेल, तर आग विझल्यावर लगेच शेत आवरायला घेऊ नका. १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा, अग्निशमन दलाला बोलवा म्हणजे त्यांचा अहवाल मिळतो, ठाण्यात लेखी अर्ज द्या, आणि तलाठ्याला बोलावून शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी पंचनामा करून घ्या. पंचनामा कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या, क्षेत्र एकरात लिहिलंय की गुंठ्यात ते बघा. त्याच दिवशी साखर कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसाला कळवा. जळीत ऊस दिवसागणिक वजनाला आणि साखरेच्या उताऱ्याला घटतो, ऊसतोडीची टोळी आधी तुमच्या फडात यायला हवी. टोळी शिरायच्या आत फोटो काढा : लोंबलेली तार, जळलेला पट्टा, आणि ज्या खांबावरून ठिणगी पडली त्या खांबावर रंगवलेला नंबर. नंबर नसलेल्या खांबाच्या फोटोवर अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो की हा खांब कुठला.